गाडी रेस केली की येणारा ‘कूंऽऽ’ आवाज : उगम कसा शोधावा?

उत्तररात्र

माझी गाडी पेट्रोलवर चालणारी असून तिला टर्बो नाही, पाच गिअर हाताने टाकावे लागतात आणि पॉवर स्टिअरिंग तेलावर चालणारे जुन्या पद्धतीचे आहे. गाडीला नऊ वर्षे झाली आहेत. गेल्या तीन आठवड्यांपासून ॲक्सिलरेटर दाबला की पुढून एक बारीक, ताणलेला ‘कूंऽऽ’ असा आवाज येतो. आरपीएम वाढले की त्याचा सूर चढतो आणि पाय काढला की उतरतो, जणू कोणी लांबून भोंगा वाजवीत आहे. खरखर नाही, खडखड नाही, धक्के नाहीत. ॲव्हरेज आणि ओढ पूर्वीइतकीच आहे. दिवसा गर्दीत फारसे लक्ष जात नाही, पण रात्री आवाज नकोसा होतो. रस्ता शांत असल्यामुळे तसे वाटत असावे.

गॅरेजमध्ये बॉनेट न उघडताच ‘बेल्ट ओरडतोय’ असे सांगून बेल्ट आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) बदलण्यात आले. आवाजात तिळमात्र फरक पडला नाही. आता तेच मेकॅनिक गिअरबॉक्स उतरवायचे म्हणत आहेत. एवढ्या मोठ्या कामाला होकार देण्यापूर्वी घरच्या घरी काही पडताळून पाहता येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनाचालक

गिअरबॉक्सला तूर्त हात लावू देऊ नका. आवाज कुठून येतो हे विचारण्याआधी तो कोणाच्या मागे जातो हे विचारावे, कारण कान जागा चुकवतो, पण सूर सहसा चुकवत नाही. गाडीत फिरणाऱ्या वस्तूंचे ढोबळमानाने तीन गट पडतात. काही वस्तू इंजिनाच्या वेगाने फिरतात, काही चाकांच्या वेगाने फिरतात आणि काहींचा या दोन्हींशी संबंध नसतो, उदाहरणार्थ पेट्रोलच्या टाकीतला पंप किंवा रेडिएटरचा पंखा. आपला आवाज कोणत्या गटातला आहे हे ठरले की निम्म्याहून अधिक संशयित आपोआप सुटतात.

त्यासाठी पुढील गोष्टी करून पाहा आणि जे ऐकू येईल तेच लिहा, निष्कर्ष लिहू नका. पहिली गोष्ट म्हणजे गाडी जागेवर उभी करून न्यूट्रलमध्ये रेस करा. आवाज तसाच आला, तर चाकांचे बेअरिंग आणि डिफरन्शियल यांची नावे खोडता येतील. त्याच अवस्थेत क्लच पूर्ण दाबा. क्लच दाबल्यावर आवाज थांबत असेल, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर संशय घ्यावा, आणि उलट दाबल्यावरच सुरू होत असेल, तर क्लचच्या रिलीज बेअरिंगवर. तुमच्या मेकॅनिकचा गिअरबॉक्सचा तर्क या एका चाचणीवर टिकतो किंवा पडतो, आणि तिला पाना लागत नाही.

नंतर मोकळ्या, सरळ रस्त्यावर साठच्या वेगाने जाताना गाडी न्यूट्रलमध्ये काढा आणि वेग जवळजवळ तोच असताना आवाजाचे काय होते ते ऐका. इंजिन मात्र बंद करू नका, कारण त्यासोबत ब्रेक आणि स्टिअरिंगची मदतही जाते. शेवटी गाडी उभी असताना स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहा आणि एसी चालू-बंद करून पाहा. स्टिअरिंग टोकाला चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नये. तिथे पंपाचा दाब कमाल असतो आणि तेल झपाट्याने तापते.

शंकासुर

माझ्या गाडीत असाच आवाज फक्त रिव्हर्समध्ये येतो. मीही गिअरबॉक्स उघडावा का? आणि धागाकर्त्यांना एक सुचवतो की सगळी बेअरिंगे एकदाच बदलून टाकावीत, म्हणजे शोधाशोध नको.

जुनाचालक

रिव्हर्समधला तो आवाज बहुतेक गाड्यांच्या जन्मापासूनचा असतो. पुढे जाण्याच्या गिअरचे दाते तिरके कापलेले असतात, त्यामुळे एक दाता सुटण्यापूर्वी दुसरा अलगद लागतो. रिव्हर्सचे दाते मात्र अनेक गिअरबॉक्समध्ये सरळ असतात. ते एकदम पूर्ण रुंदीने एकमेकांवर येतात आणि घूंऽ असा आवाज करतात. तो अलीकडे वाढला नसेल, तर निर्धास्त राहा.

सगळी बेअरिंगे बदलण्याच्या सूचनेबद्दल एवढेच म्हणतो की धागाकर्त्यांनी बेल्ट आणि टेन्शनर अंदाजाने बदलून पाहिलेच आहेत.

उत्तररात्र

सविस्तर उत्तराबद्दल आभार. काल संध्याकाळी सर्व करून पाहिले. गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये आवाज येतोच. क्लच दाबल्याने किंवा सोडल्याने काहीही बदलत नाही. चालत्या गाडीत न्यूट्रलमध्ये काढताच आरपीएम खाली आले आणि त्यांच्याबरोबर आवाजही उतरून जवळजवळ नाहीसा झाला. गाडीचा वेग तेव्हा तितकाच होता. स्टिअरिंग टोकाला नेल्यावर पंपाचा वेगळा, फसफसल्यासारखा आवाज आला, पण मूळ ‘कूंऽऽ’ वाढला असे म्हणता येणार नाही. एसी लावल्यावर तो किंचित वाढतो. थंड इंजिन आणि गरम इंजिन यांत फरक जाणवला नाही.

पानापक्कड

म्हणजे गिअरबॉक्स सुटला. स्टिअरिंगचा पंपही बराचसा सुटला, तरी त्याच्या डबीचे झाकण उघडून तेल एकदा पाहा. पातळी कमी असेल किंवा तेलावर ताकासारखा फेस असेल, तर पंप हवा ओढतो आणि हुबेहूब असाच रडतो. तिथे अनेकदा पंप निर्दोष असतो आणि डबीकडून येणाऱ्या नळीवरचे रबरी कडे चिरलेले असते.

आता पुढच्या बेल्टवर जे जे फिरते ते उरले: अल्टरनेटर (गाडीची वीज तयार करणारे यंत्र), वॉटर पंप, एसीची पुली, स्टिअरिंगचा पंप आणि आयडलर (बेल्टला नुसती वाट देणारी पुली). गॅरेजमध्ये आम्ही लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक त्या भागाच्या स्थिर कवचावर टेकवतो आणि मूठ कानामागच्या हाडाला लावतो. खराब बेअरिंगचा आवाज मुठीतून असा येतो की जणू कानात कोणी वाळू दळत आहे. हे करताना सैल बाही, ओढणी, मोकळे केस आणि गळ्यातली साखळी बेल्टपासून दूर ठेवावी. इंजिन बंद असतानाही रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होऊ शकतो, हेही ध्यानात असू द्या. वॉटर पंपाच्या कवचाखाली एक बारीक छिद्र असते. त्यातून कूलंटचा सुकलेला पांढरट किंवा रंगीत ओघळ दिसला, तर थांबू नका, तो पंप शेवटच्या दिवसांत आहे.

स्क्रू ड्रायव्हरने उलगडा झाला नाही, तर खात्रीची चाचणी म्हणजे बेल्ट काढून इंजिन चालवणे. इंजिन थंड असताना बेल्ट उतरवा आणि जास्तीत जास्त अर्धा मिनिट इंजिन चालवून हलकेच रेस करा. वॉटर पंप या बेल्टवर असेल, तर तेवढ्या वेळात पाणी फिरत नाही, म्हणून अर्ध्या मिनिटाची मर्यादा मी गांभीर्याने सांगत आहे. बॅटरीचा दिवा लागेल, तो लागायलाच हवा. आवाज तरीही आला, तर तो टायमिंगच्या बाजूचा किंवा इंजिनाच्या आतला समजावा. आवाज गेला, तर इंजिन बंद करून एकेक पुली बोटाने फिरवावी. चांगली पुली निमूटपणे फिरते. बेअरिंगमधले ग्रीस सुकले असेल, तर ती सूं सूं करीत जरा जास्तच मोकळी फिरते, आणि गोळ्यांना खड्डे पडले असतील, तर बोटाला करकर लागते. पुली कडेने धरून मागेपुढे हलवून खेळही पाहावा. हे सारे बाहेरच्या बेल्टबद्दल आहे. आतल्या टायमिंग बेल्टला कोणत्याही कारणाने हात लावू नये.

नवशिकी

धाग्याच्या मध्येच विचारते, क्षमस्व. माझ्याही पेट्रोल गाडीतून बारीक आवाज येतो, पण तो इंजिन रेस न करता नुसते चालू असताना शिट्टीसारखा येतो आणि रेस केली की जातो. हाही बेल्टच का?

पानापक्कड

बेल्ट असता तर रेस केल्यावर वाढला असता. तुमचे वर्णन हवेच्या गळतीचे आहे. ॲक्सिलरेटर सोडलेला असताना इंजिनाच्या हवेच्या मार्गात निर्वात ओढ सर्वांत जास्त असते, त्यामुळे फटीतून शिट्टी तेव्हाच वाजते. इंजिन चालू ठेवून तेल मोजण्याची पट्टी जराशी वर ओढा. शिट्टी लगेच थांबली, तर इंजिनाच्या पोटातली वाफ परत ओढून घेणाऱ्या व्हॉल्व्हचा रबरी पडदा फाटलेला असण्याची शक्यता मोठी आहे. थांबली नाही, तर इनटेकच्या रबरी नळ्या एकेक करून बोटांनी दाबून पाहा. गळती शोधण्यासाठी काही जण गरम इंजिनावर पेट्रोलसारखे ज्वालाग्राही द्रव फवारतात, ते मात्र कृपया करू नका.

नवशिकी

पट्टी ओढताच शिट्टी बंद झाली आणि परत घातल्यावर सुरू झाली. तीनदा करून पाहिले. मनःपूर्वक आभार. आता धागाकर्त्यांचे काय होते ते वाचत बसते.

उत्तररात्र

सुट्टीच्या दिवशी बेल्ट काढला. त्याआधी स्क्रू ड्रायव्हर लावून पाहिला होता, पण माझ्या कानाला अल्टरनेटर, त्याचा लोखंडी ब्रॅकेट आणि शेजारचा स्टिअरिंगचा पंप या तिन्ही ठिकाणी आवाज सारखाच वाटला. स्टिअरिंगचे तेल पातळीला आहे आणि फेस नाही.

बेल्ट काढून इंजिन चालवले, आवाज पूर्ण बंद. एवढे शांत इंजिन मी बऱ्याच दिवसांत ऐकले नव्हते. आनंदाने एकेक पुली फिरवायला घेतली आणि तिथेच अडलो. अल्टरनेटर गुळगुळीत फिरतो, आयडलर गुळगुळीत आहे, टेन्शनर तर नवाच आहे, वॉटर पंपात खेळ नाही, ओघळ नाही. एसीची पुलीही मुकाट फिरते. बेल्ट परत चढवला आणि आवाज परत हजर. चोर घरात आहे, पण प्रत्येक खोली रिकामी आहे, अशी अवस्था झाली आहे.

पानापक्कड

हाताने फिरवताना बेअरिंगवर बेल्टचा ताण नसतो आणि वेगही नसतो. सुरुवातीच्या झिजेत बेअरिंग हाताला निर्दोष लागते आणि ताणाखाली ओरडते, असे मी अनेकदा पाहिले आहे. या सर्वांत वेगाने फिरतो तो अल्टरनेटर, कारण त्याची पुली सर्वांत लहान असते. माझे मत त्याच्या बेअरिंगवर आहे. अल्टरनेटर उतरवून दोन्ही बेअरिंगे बदलावीत.

वीजतंत्री

अल्टरनेटरपर्यंत मीही येतो, पण बेअरिंगपर्यंत नाही. धागाकर्त्यांच्या पहिल्याच लिखाणात एक वाक्य आहे, ज्यावरून सगळे पुढे गेले आहेत. रात्री आवाज नकोसा होतो, असे त्यांनी लिहिले आणि त्याचे श्रेय शांत रस्त्याला दिले. रात्री आणखी एक गोष्ट घडते, हेडलाइट लागतात. एसी लावल्यावर आवाज किंचित वाढतो, हेही त्यांनी नोंदवले आहे. एसीबरोबर कॉम्प्रेसर जसा सुरू होतो, तसा ब्लोअर आणि बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा पंखाही सुरू होतो, म्हणजे विजेची मागणी वाढते.

अल्टरनेटर दोन प्रकारे ओरडू शकतो. एक बेअरिंगमुळे, आणि दुसरा चुंबकामुळे. आतला रोटर हे फिरते विद्युतचुंबक असते आणि भोवतीच्या स्थिर वेटोळ्यांत, म्हणजे स्टेटरमध्ये, तीन फेजची वीज तयार होते. ती प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा पालटणारी असते, आणि सहा डायोड तिला एका दिशेची करून बॅटरीकडे पाठवतात. सहापैकी एक डायोड मेला की तीन फेजचा समतोल मोडतो, रोटरला प्रत्येक विद्युतचक्रात एक हिसका बसू लागतो आणि स्टेटरचे पत्रे त्या तालावर थरथरतात. तो थरथराट म्हणजेच हा कूंऽऽ. बेल्ट काढला की तो जाणारच, आणि हाताने फिरवल्यास काहीच सापडणार नाही, कारण तेव्हा वीज तयारच होत नसते. धागाकर्त्यांच्या रिकाम्या खोल्यांचे कोडे यातून सुटते.

आता करून पाहायच्या गोष्टी. दिवसा, गाडी उभी असताना, कोणाला तरी दोन हजार आरपीएम स्थिर धरायला सांगा आणि तुम्ही बॉनेटजवळ उभे राहून हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर एकेक करून लावायला सांगा. नंतर इंजिन बंद करून अल्टरनेटरच्या पाठीवरचा लहान प्लॅस्टिकचा कनेक्टर काढा, त्याची वायर झाकून बाजूला ठेवा आणि इंजिन सुरू करा. बहुतेक गाड्यांत त्या कनेक्टरशिवाय रोटरला प्रवाह मिळत नाही, त्यामुळे अल्टरनेटर फिरतो, पण वीज करीत नाही. बेल्ट तोच, वेग तोच, बेअरिंगे तीच. आवाज गेला, तर तो विजेचा होता. काही गाड्यांत याने इंजिनाचा इशारा देणारा दिवा लागतो, एक-दोन मिनिटांच्या चाचणीने बिघडत मात्र काही नाही.

दोन गोष्टी कधीही करू नयेत. अल्टरनेटरच्या जाड तारेला हात लावायचा नाही, कारण ती थेट बॅटरीला जोडलेली असते. आणि चालू इंजिनात बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग बघायचे’ नाही. ही जुनी सवय अजूनही दिसते. बॅटरी सुटताच अल्टरनेटरचा दाब (व्होल्टेज) क्षणभर कितीतरी पटींनी उसळतो आणि त्यात गाडीचे नाजूक इलेक्ट्रॉनिक्स जळू शकते.

पानापक्कड

तुमचे म्हणणे पटण्यासारखे आहे, पण एक अडचण मांडतो. विजेचा भार वाढला की अल्टरनेटर फिरवायला जड जातो, बेल्ट जास्त ओढतो आणि पुढच्या बेअरिंगवरचा ताणही वाढतो. म्हणजे बेअरिंग खराब असेल, तरीही हेडलाइट लावल्यावर आवाज वाढू शकतो आणि कनेक्टर काढल्यावर कमी होऊ शकतो. मग दोन्हींत फरक कसा करणार?

वीजतंत्री

आक्षेप अगदी रास्त आहे आणि हेडलाइटची चाचणी एकटी पुरेशी नाही, हे मी मान्य करतो. कनेक्टर काढल्यावर आवाज कमी होणे आणि कापल्यासारखा नाहीसा होणे यांत फरक आहे, तरी कानावर विसंबण्यापेक्षा मोजलेले बरे. फोनवर आवाजाचा वर्णपट दाखवणारी अॅप्स मिळतात. आवाजातला सर्वांत ठळक सूर किती हर्ट्‌झचा आहे, ते त्यात उंच रेघेने दिसते.

गणित असे आहे. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पुलीचा व्यास भागिले अल्टरनेटरच्या पुलीचा व्यास म्हणजे अल्टरनेटर इंजिनाच्या किती पट फिरतो ते. गाड्यांच्या अल्टरनेटरच्या रोटरला बहुधा १२ ध्रुव असतात, म्हणजे ६ जोड्या, त्यामुळे एका फेऱ्यात सहा विद्युतचक्रे होतात. सगळे डायोड ठीक असतील, तर प्रत्येक चक्रात सहा सारख्या लहरी मिळतात, म्हणजे फेऱ्यामागे ३६, आणि तो सूर इतका बारीक असतो की इंजिनाच्या गोंगाटात बुडून जातो. एक डायोड गेला की सहा लहरी सारख्या राहत नाहीत, नक्षी पूर्ण चक्रानंतरच परत येते आणि फेऱ्यामागे सहाचा जाड सूर वर येतो.

बेअरिंगचे तसे नसते. गोळ्या घसरत-फिरत जातात, त्यामुळे त्यांच्या दोषाचा सूर फेऱ्यांच्या पूर्णांक पटीत बसत नाही. आठ गोळ्यांच्या बेअरिंगला बाहेरच्या कड्यावर खड्डा असेल, तर ढोबळमानाने फेऱ्यामागे ३.२ आणि आतल्या कड्यावर असेल, तर ४.८ आघात होतात. सहा आणि ३.२ यांत गल्लत होण्याचे कारण नाही.

मल्टिमीटर असेल, तर आणखी एक नोंद हवी. हेडलाइट लावून दोन हजार आरपीएमला मीटर एसी (म्हणजे प्रत्यावर्ती, गाडीतला एसी नव्हे) व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर धरा. निरोगी अल्टरनेटरला तिथे ०.१ व्होल्टच्या आत काहीतरी दिसते. ०.५ व्होल्टच्या पुढे गेले, तर डायोडवर संशय घ्यावा. इंजिन बंद असताना आधी एकदा तपासा. काही स्वस्त मीटर एसीवर ठेवले तरी बॅटरीचा साधा दाबच वीस-पंचवीस व्होल्ट म्हणून दाखवतात. तसे झाल्यास त्या मीटरचा आकडा सोडून द्यावा.

उत्तररात्र

आजच्या नोंदी जशाच्या तशा देतो. पट्टीने मोजले असता क्रँकची पुली १४० मिलिमीटर आणि अल्टरनेटरची ५६ मिलिमीटर भरली, म्हणजे २.५ पट. दोन हजार आरपीएमला अल्टरनेटर पाच हजार, म्हणजे सेकंदाला ८३.३ फेरे. सहा पटीने ५०० हर्ट्‌झ यायला हवेत. बेअरिंग असते, तर साधारण २६७ किंवा ४०० आले असते. स्टिअरिंगच्या पंपाची पुली १२५ मिलिमीटरची आहे. त्यात दहा पाती धरली, तर ३७३ येतात.

फोन बॉनेटच्या कडेला टेकवून हेडलाइट बंद ठेवले, तेव्हा ५०६ च्या आसपास एक रेघ होती. हेडलाइट लावताच ती ठळक झाली आणि मागच्या काचेचा हीटर लावल्यावर दुप्पट उंच झाली, शिवाय तिच्या बरोबर दुप्पट अंतरावर आणखी एक रेघ उगवली. आरपीएम तीन हजार केल्यावर पहिली रेघ ७५५ वर सरकली. काटा दोन हजारांवर नेमका धरणे कठीण आहे, एवढा फरक मी त्याच्या माथी मारतो.

मग इंजिन बंद करून कनेक्टर काढला. सुरू केल्यावर रेघ नाही आणि आवाजही नाही. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या धाकट्या भावाने, ज्याला यातले काही सांगितले नव्हते, ‘गाडी बरी झाली की’ असे म्हटले. कनेक्टर परत लावताच ‘कूंऽऽ’ परत आला.

मीटरवर इंजिन बंद असताना एसी व्होल्ट शून्य, आणि दोन हजार आरपीएमला हेडलाइटसह ०.७२. साधा दाब मात्र १३.९ आहे. गॅरेजमध्ये बेल्ट बदलताना ‘चार्जिंग ओके’ असे मीटर दाखवूनच सांगितले होते.

पानापक्कड

माझे मत मी मागे घेतो. १३.९ ने माझीही दिशाभूल झाली असती. सहापैकी पाच डायोड कमी भाराला पुरेसा दाब देतात आणि दाब सांभाळणारा रेग्युलेटर रोटरचा प्रवाह वाढवून उणीव झाकतो. साध्या व्होल्टवर मीटर ठेवणारा त्यात काहीच चुकीचे पाहू शकत नाही. मात्र उरलेले पाच डायोड जास्त तापतात, म्हणून काम लांबवू नका. अल्टरनेटर उघडणारच आहात, तर बेअरिंगे बदलून घ्या, हे मत मात्र मागे घेत नाही.

जुनाचालक

रात्रीच्या त्या वाक्यावरून मीही सरळ पुढे गेलो होतो, हे कबूल करतो. ‘निष्कर्ष लिहू नका’ असे सांगणाऱ्याने धागाकर्त्यांचाच निष्कर्ष वाचून सोडून दिला. एक जुनी खूण यावरून आठवली. डायोड गेलेल्या गाडीत रेडिओच्या स्पीकरमधूनही आरपीएमबरोबर चढणारी बारीक किणकिण येते. आपण कधी ऐकली का?

उत्तररात्र

रेडिओ मी लावतच नाही, म्हणून हा पुरावा हुकला. आज लावून पाहिला तर आहे, अगदी तसाच सूर, फक्त बारीक.

शंकासुर

अल्टरनेटर नवाच का घेत नाही? डायोड वेगळा मिळतो का?

वीजतंत्री

डायोड एकटा बदलण्यापेक्षा सहाही डायोड बसवलेली रेक्टिफायर प्लेट बदलतात. ती स्टेटरच्या तारांना झाळलेली असते, त्यामुळे काम अल्टरनेटर दुरुस्त करणाऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच द्यावे. रोटरला प्रवाह पोचवणाऱ्या स्लिप रिंग खोलवर झिजल्या असतील किंवा स्टेटरचे वेटोळे जळून काळे पडले असेल, तर मात्र संपूर्ण बदलणेच शहाणपणाचे ठरते. स्टेटर उघडल्यावर तारांचा रंग स्वतः पाहा. तिन्ही फेज सारख्या तांबूस दिसायला हव्यात.

उत्तररात्र

काम झाले. अल्टरनेटर माझ्यासमोर उघडला. स्टेटरच्या तिन्ही फेजचा रंग सारखा होता. प्लेटवर एका डायोडच्या पायाशी झाळ गोलाकार तडकलेली होती. टाचणीने ढकलल्यावर पाय झाळेच्या आत चक्क हलत होता. गाडीच्या कंपनांनी तो अधूनमधून टेकत असावा, कारण सुरुवातीच्या काही दिवसांत आवाज मध्येच थांबायचा, आणि तेव्हा मला वाटायचे की माझ्याच कानांना भास होतो. ही नोंद मी पहिल्या दिवशी लिहायला हवी होती.

प्लेट नवी बसवली आणि पानापक्कड यांच्या आग्रहाखातर दोन्ही बेअरिंगे बदलली. मागच्या बेअरिंगमधले ग्रीस वाळून मेणासारखे झाले होते, ते हाताला कळले नव्हते. एसी व्होल्ट आता हेडलाइट आणि हीटरसह ०.०४ आहेत. फोनवर ५०० जवळ काही दिसत नाही. तीन हजार हर्ट्‌झवर एक केसाएवढी रेघ आहे, ती वीजतंत्री यांनी सांगितलेल्या फेऱ्यामागच्या ३६ लहरींची असावी. कानाला ती येत नाही.

नवशिकी

माझाही व्हॉल्व्ह बदलून झाला आणि शिट्टी गेली. जुना पडदा उजेडात धरला, तर नखाएवढी चीर दिसली.

शंकासुर

तुमच्यामुळे मीही अॅप घेतले. रिव्हर्समध्ये ठळक रेघ येते आणि ती गाडीच्या वेगाबरोबर सरकते. दात्यांचीच समजायची ना?

जुनाचालक

दात्यांचीच. गिअरबॉक्स मिटलेलाच राहू द्या.